एकाच आवाजाची खोली

माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न हळदीच्या दिवशी मोडलं, ते साल २०३९. मांडव पडला होता, बुंदी पाडून झाली होती आणि नवरी बंगळुरूला निघून गेली होती. त्याच आठवड्यात सांगलीत आमच्या वरच्या मजल्यावर, नवदिशा भाषा केंद्रात, कानामागे लावायची ती पट्टी आली. आमच्या घरात पट्टीचं साल असं कुणी म्हणत नाही. लग्न मोडलं ते साल, असंच म्हणतात. मीही तसंच म्हणते. दुसरं नाव घ्यायची अजून भीती वाटते.

खाली माझी मेस होती, वर जर्मन शिकवायचे. नर्सिंग केलेली पोरं-पोरी लांबून लांबून यायची. जर्मनीत म्हातारी माणसं फार झाली होती आणि त्यांना उठवायला-बसवायला हात कमी. तिकडच्या दवाखान्यात नोकरी हवी तर बी-टू नावाची परीक्षा द्यावी लागे. वर दिवसभर शिकून पोरं जेवायला खाली आली की त्यांचे प्रश्नही त्यांच्यामागून यायचे.

"मावशी, तुम्हीच सांगा," अक्कलकोटकडचा शिवलिंग बिराजदार ताट पुढे ओढत म्हणायचा. सगळे त्याला शिवा म्हणत. "चमचा बाप्या, काटा बाई, आणि सुरी ना बाप्या ना बाई. हे कुणी ठरवलं?"

"आपल्यात चमचा तो, वाटी ती, ताट ते. ते कुणी ठरवलं?"

"ते आईनं सांगितलं, म्हणून कधी विचारलंच न्हाई."

"मग फाटे फोडू नको, जेव."

"आणि मुलगी नपुंसकलिंगी कशी हो? तरणीताठी पोरगी आणि 'ते'?"

"आमच्याकडं पण 'ते पोर' म्हणतात की," पलीकडून समू बोलायची. "आणि तुला तर 'ते कार्टं' म्हणतात."

समू म्हणजे समीक्षा, माझी एकुलती एक. मला ती पस्तिसाव्या वर्षी झाली. ती पहिलीत होती तेव्हा तिच्या शेजारी बसून मी अक्षरं गिरवायला शिकले. ती कंटाळून झोपायची आणि मी 'ख' काढत बसायची. आता ती जर्मन शिकत होती आणि मी भाकरी थापता थापता कान देत होते. पोरांना वाटायचं मावशीला गंमत वाटते. मला खरंच यायला लागलं होतं. 'बिट्टे' म्हणजे कृपया, पण 'हे घ्या' पण तेच, 'काय म्हणालात' पण तेच, आणि कुणी आभार मानले तर उत्तरही तेच. 'डांके' म्हणजे धन्यवाद, पण वाढणाऱ्याला नुसतं डांके म्हटलं तर त्याचा अर्थ 'नको'. हे शिवाला कळायच्या आधी मला कळलं होतं. त्याने भाकरीला डांके म्हटलं आणि मी भाकरी परत टोपलीत ठेवली.

"अहो मावशी, द्या की."

"नको म्हणालास."

"आमच्यात तीनदा नको म्हटल्याबिगर जेवण सुरू होत न्हाई."

"तिकडं एकदा म्हटलं की उपाशी. आत्ताच सवय कर."

समूचे वडील कोपऱ्यात पाणी भरता भरता हसायचे. ज्योतिराम यमगर. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, निवृत्त झाल्यावर मेसचा बाजारहाट बघायचे. समू त्यांना अप्पा म्हणायची आणि त्यांच्याशिवाय जेवायची नाही. ते बाजारातून यायला उशीर झाला तर ताट झाकून बसून राहायची.

समू परीक्षेत दोनदा नापास झाली होती. लिहायचं सगळं बरोबर, बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. शब्द सापडायचा, पण तो 'तो' की 'ती' की 'ते' हे आठवेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. म्हणून पट्टी आली तेव्हा सगळ्यात आधी नाव तिने घातलं. शिवाने दुसरं.

पट्टीची गोष्ट मला वरच्या मॅडमनी समजावून सांगितली, आणि नंतर डॉक्टरांनी जास्त नीट सांगितली. लहान मुलाच्या मेंदूतल्या पेशी मोकळ्या असतात. ऐकलेलं त्यांत लगेच मुरतं. मूल वाढलं की पेशींभोवती बारीक जाळी विणली जाते, कोष्ट्याने विणावी तशी. जाळी बसली की शिकलेलं पक्कं होतं, पण नवं आत शिरायला अवघड जातं. म्हणून मूल दोन वर्षांत बोलतं आणि मोठा माणूस दहा वर्षं अडखळतो. पट्टीबरोबर नाकात मारायचा फवारा यायचा. तो मेंदूतल्या भाषेच्या जागेपुरती जाळी विरघळवायचा. कानामागे बसणारी पट्टी हलका विजेचा प्रवाह देऊन तेवढीच जागा जागी ठेवायची. दीडएक महिना दार उघडं. मग फवारा बंद करायचा, जाळी परत विणली जायची आणि आत गेलेली भाषा मातृभाषेसारखी आतच राहायची.

एकच अडचण होती. तान्हं मूल नुसत्या आवाजावर भाषा शिकत नाही. रेडिओ लावून ठेवला तर एक शब्द उचलत नाही. त्याला समोर माणूस लागतं, त्याच्याकडे बघणारं, त्याने बोट केलं तिकडे बघून नाव सांगणारं. कंपनीने मग एक बाईच तयार केली. चष्म्यात तिचा चेहरा दिसे, कानात तिचा आवाज येई. तिचं नाव टान्टे. टान्टे म्हणजे मावशी किंवा आत्या.

"मावशी, वरच्या मजल्यावर तुमची जाऊ आली," शिवा म्हणाला.

"भाकरी येते का तिला?"

"भाकरीला काय म्हणतात ते येतं."

पहिल्या पंधरवड्यात आम्ही सगळे बघतच राहिलो. समू फडाफडा बोलायला लागली. तो, ती, ते आता तिला आठवावं लागत नव्हतं. "कसं कळतं गं तुला?" मी विचारलं. ती म्हणाली, "कळत नाही आई. चुकीचं म्हटलं तर तोंडाला कडू लागतं." तिचे अप्पा त्या दिवशी बाजारातून पेढे घेऊन आले.

मग मेस शांत झाली. हे आधी माझ्या लक्षात आलं, कारण माझा दिवस त्या गोंगाटावर चालायचा. पोरं खाली यायची, बसायची, पण एकमेकांना काही विचारायची नाहीत. प्रश्न पडला की ओठ जरा हलायचे आणि नजर चष्म्यात जायची. उत्तर आलं की चेहरा उजळायचा. शिवा पण विनोद करायचा थांबला. त्याचे विनोद कुणालातरी सांगायचे होते, आणि ज्याला सांगायचे ती आता त्याच्या कानात होती.

एका दुपारी समू मला मदत करायला चुलीपाशी आली. गरम तव्याला तिची बोटं चिकटली. माणूस कुठलाही असो, किती शिकलेला असो, भाजलं की आमच्याकडे तोंडातून एकच शब्द येतो. मी तो ऐकायला जणू कान उघडूनच होते.

ती ओरडली, "टान्टे."

मी तिची बोटं पाण्यात धरली. ती रडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, जिथे कुणी नव्हतं.

गल्लीतच डॉक्टर शमा नदाफ यांचा दवाखाना होता, मेंदूच्या विकारांचा. त्यांचा डबा माझ्याकडून जायचा. त्या दिवशी डबा मी स्वतः घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी डबा उघडलाच नाही.

"मथुराताई, ती भाषा एकटी आत गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "मूल भाषा घेतं ती आईसकट घेतं. कुणाकडे बघून रडायचं, कुणाच्या हातचं खायचं, हेही त्याच वेळी बसतं. मोठ्यांना ती जाळी आहे म्हणून आपण मास्तरच्या प्रेमात पडत नाही. यांनी जाळी काढली आणि समोर मास्तर बसवला."

"मग आता?"

"दार बंद होईल तेव्हा जो आत असेल तो आत राहील."

"आणि मी?"

"तुम्हीही आहात. पण पुढच्या खोलीत ती बाई आहे."

परीक्षेत सगळे पास झाले. पेपरात फोटो आला. जर्मनीचे कागद यायला वेळ होता, तोवर पोरं मेसमध्येच जेवत होती, टान्टेशी बोलत होती आणि तशी ठीक होती. मी स्वतःला सांगत होते की लेक सासरी गेली तरी असंच असतं. माया वाटली जाते, संपत नाही.

दिवाळीच्या आधी कंपनीने आवाज बदलला.

तक्रारी गेल्या होत्या म्हणे. शिकून झालेली माणसं टान्टेला सोडत नाहीत, बायकोशी बोलत नाहीत, मुलांशी बोलत नाहीत. तिकडच्या कोर्टाने सांगितलं, इतकी माया लावणारी वस्तू चालणार नाही. कंपनीने जुनी टान्टे पुसून टाकली आणि त्याच चेहऱ्याची, त्याच नावाची, जरा कोरडी अशी नवी बसवली. कुणाला कळणार नाही असं त्यांना वाटलं. चेहरा तोच, आवाज तोच.

शिवा सकाळी खाली आला. चष्मा त्याच्या हातात होता. कित्येक आठवड्यांनी तो माझ्याशी मराठीत बोलला, आणि शब्द शोधून शोधून बोलला.

"मावशी, ही ती न्हाई."

"कोण?"

"तिचं तोंड घालून दुसरीच कोण बसलीया."

तो ओट्यावर बसला. त्या दिवशी त्याचं ताट तसंच परत आलं. समूचंही. मी म्हटलं एक वेळ. दुसऱ्या वेळी परत तसंच. माझ्या मेसमधून उष्टं फार येत नसे, शिळं मी म्हशीवाल्याला द्यायची. त्या आठवड्यात म्हशीवाला मोठी बादली घेऊन यायला लागला.

ती आजारी नव्हती. ताप नाही, खोकला नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. मी मराठीत बोलले तर डोळे मिटायची, जणू खिडकीतून ऊन आलंय. मी भरवायला गेले तर तोंड घट्ट. तिचे अप्पा जेवणाचं ताट घेऊन तिच्या उशाशी बसायचे, "समे, मी जेवलो नाही गं अजून," म्हणायचे. ती ऐकायचीच नाही. सलाईन लावली, नाकातून नळी घातली, ती तिने ओढून काढली. नाशिककडून, नांदेडकडून बातम्या यायला लागल्या. पट्टी लावलेली दोन पोरं गेली. मग आणखी एक.

केंद्राला कुलूप लागलं. कंपनीचा फोन लागेना. जुना आवाज परत द्या म्हणून डॉक्टर नदाफांनी पत्रं धाडली, तर उत्तर आलं की तो आता कुठेच शिल्लक नाही.

"पूर्वी अनाथाश्रमांत अशी मुलं जायची," डॉक्टर म्हणाल्या. समूच्या खाटेशी आम्ही दोघं नवरा-बायको उभे होतो. "दूध मिळायचं, ऊब मिळायची. पण उचलून घेणारं माणूस रोज बदलायचं. मूल शेवटी कुणाचीच वाट बघायचं थांबायचं. यांचं तेच झालंय. यांची आई मेली आहे, आणि त्या जागी कुणी नाही."

"उपाय?" समूच्या अप्पांनी विचारलं.

"एक आहे. केलेला कुणी नाही." त्या हळू बोलत होत्या. "माझ्याकडे तो फवारा आहे. दार परत उघडायचं आणि आत जिवंत माणूस बसवायचं. एकच माणूस. एकच चेहरा, एकच आवाज. दार बंद होईपर्यंत दुसरं कुणी दिसायचं नाही, कुणाचा शब्द कानावर पडायचा नाही. तान्ह्या पोराला दहा आया चालत नाहीत. पण दुसऱ्यांदा जाळी काढली तर ती नीट विणेल की नाही, सांगता येत नाही. आणि आधीचं जे आत आहे त्यातलं काय सुटून जाईल, तेही सांगता येत नाही."

"सुटून जाईल म्हणजे?"

"बाहेर राहील तो बाहेरचा होईल, कदाचित."

आम्ही मेसवर आलो. तिन्ही चुली थंड होत्या. मी मेथी निवडायला घेतली, कुणासाठी ते माहीत नव्हतं. ते समोर बसून काड्या वेगळ्या करायला लागले.

"तुम्ही बसा आत," मी म्हणाले. "तुमच्यावर तिचा जीव आहे."

"मला त्यांची भाषा येत नाही."

"मला तरी कुठं येते. ताट-वाटीपुरती."

"तिला मराठी नकोशी झालीय. ताट-वाटीपुरती का होईना, तीच पाहिजे. आणि खायला घालायचं काम आहे. ते तुझं."

"तुम्हाला ओळखणार नाही ती."

"ऐकलं मी डॉक्टरचं."

"मग?"

"मग काय. वजनकाट्यावर आयुष्य गेलं माझं. एका पारड्यात पोरगी आहे. दुसऱ्यात मला ओळखणं. त्याला काय वजन बघायचं?" त्यांनी निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली. काड्या पण त्यातच होत्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

दवाखान्यात शेजारशेजारच्या दोन खोल्या तयार केल्या. एकीत समू, एकीत शिवा. शिवाची आई अक्कलकोटहून आली होती. तिला घरची भाषा येत होती, जर्मन नाही. पण डॉक्टर म्हणाल्या, दार उघडल्यावर कुठलीही चालेल, फक्त माणूस एकच हवं. तिने मान हलवली.

मी आत गेले. दार लागलं. खिडकीला जाड पडदा, भिंतीवर काही नाही. समूला फवारा दिलेला होता, कानामागे पट्टी होती. मी तिच्यासमोर बसले आणि मला एक शब्द आठवेना. परीक्षेत तिला जे व्हायचं ते मला झालं. चुकीचा शब्द आत गेला तर तोच राहणार. रागाने बोलले तर तो राग राहणार. मी पेजेची वाटी उचलली, चमचा तिच्यासमोर धरला आणि मला येतं तेवढं बोलले. हा चमचा आहे. ही पेज, तिला मी सूप म्हणाले. गरम आहे. बिट्टे. बिट्टे.

ती बघेना. मी तेच परत बोलले. दिवस गेला. मी तिथेच झोपले, तिथेच उठले, आणि परत चमचा.

भिंत पातळ होती. पलीकडे आधी फक्त एका बाईचा आवाज यायचा, हळू, गाणं म्हटल्यासारखा. मग एका सकाळी पायांचे आवाज आले. दोन जीप भरून शिवाची भावकी आली होती. चुलते, आत्या, मामा, गावचे सरपंच. पोरगं जगायचं नाही अशी बातमी गावात पोचली होती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढे त्या घरात सुतकालाही जाता येत नाही. शिवाच्या वडिलांना डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मला कळतंय. पर थोरला भाऊ दारात उभा हाय. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू की पोराचं तोंड बघू नको?"

मग एकेक जण आत गेला. मला सगळं ऐकू येत होतं. आजाऱ्याला आपण जे विचारतो तेच ते विचारत होते.

"शिवाप्पा, मला वळखलास का?"

"मी कोण, सांग बघू."

"आरं, इकडं बघ. मी कोण?"

एक बाहेर आला की दुसरा आत. मी उठून समूच्या दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून बसले. पलीकडे त्या बाईचा आवाज मधूनमधून येत होता, पण त्या गर्दीत तो शोधावा लागत होता. मला शोधावा लागत होता. त्याला कसा सापडणार होता?

आमच्याही दाराशी माणसं आली. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझी नणंद सगुणाआक्का आली, नारळ आणि बिस्किटं घेऊन. तिच्या मुलाच्या मोडलेल्या लग्नात आम्ही तिच्याकडे होतो, आता ती आमच्याकडे आली होती. दारात तिचा भाऊ आडवा उभा. आवाज आत जाऊ नये म्हणून त्यांनी एक शब्द काढला नाही. नुसता हात आडवा धरला.

"अरे ज्योत्या, सरक की. भाची हाय माझी."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मी काय परकी हाय व्हय? बोल की तोंडानं."

ती मोठ्याने रडायला लागणार असं दिसलं तेव्हा त्यांनी सख्ख्या बहिणीचं तोंड हाताने दाबून धरलं आणि तिला जिन्यापर्यंत मागे नेलं. नारळ तिथेच पायरीवर पडला. आक्का त्यानंतर आमच्या उंबऱ्याला आली नाही.

शेजारची खोली संध्याकाळी शांत झाली. आमच्या खोलीत त्याच सुमाराला समूने डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे बघितलं. मग बोट उचललं.

"वास इस्ट दास?"

हे काय आहे. तिचं बोट माझ्या बांगडीवर होतं. जर्मनीत बांगडीला काय म्हणतात मला माहीत नव्हतं. मेसमध्ये कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "बांगडी."

"बांगडी," ती म्हणाली. आणि तोंड उघडलं. मी चमचा आत घातला.

त्यानंतर ती विचारतच राहिली. हे काय, ते काय, का, कुठे. जे येत होतं ते जर्मनमधून सांगितलं, जे येत नव्हतं ते आपलं. तिच्या तोंडी आता जी भाषा आहे ती जगात दुसऱ्या कुणाची नाही. माझ्या स्वयंपाकघराची आहे. त्या भाषेत जर्मनीत नोकरी मिळत नाही.

दार उघडून आम्ही बाहेर आलो तेव्हा तिचे अप्पा बाकावरून उठले. दाढी वाढली होती. समू माझ्या पदरामागे गेली आणि तिने मला हळूच विचारलं, हे गृहस्थ कोण. परक्या माणसाला जर्मनांत जे आदराचं 'आपण' वापरतात, तेच तिने मग त्यांच्याशी बोलताना वापरलं. ते पण तिला वाकून नमस्कार करून म्हणाले, "गुटन टाग." कधी शिकले होते कोण जाणे.

डॉक्टर सांगत होत्या तेच झालं. जाळी दुसऱ्यांदा पुरती विणली गेली नाही. समू माझ्याशिवाय राहू शकत नाही. मी न्हाणीत गेले तरी दाराशी बसते. नजरेआड झाले तर तोंड परत भिंतीकडे वळतं. मला सहासष्ट वर्षं झाली आहेत. छातीत जरा कळ आली तरी आधी तिच्याकडे बघते आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. रोजचा दिवस असा जातो.

तिचे अप्पा माझ्याकडून जर्मन शिकायला लागले. वजनकाट्यावरचा माणूस, गोष्टी सरळ लागायच्या त्यांना.

"अगं, हे क्रियापद मध्येच शेवटाला का जातं?"

"'कारण' म्हटलं की जातं."

"मग आपल्यासारखंच झालं की. आपण शेवटीच ठेवतो. उगाच कशाला घाबरायची ही पोरं?"

"आणि 'डोख' कशासाठी?" त्यांचाच पुढचा प्रश्न.

"कुणी 'नाही ना' म्हटलं आणि आपल्याला 'आहे' म्हणायचं असलं, की."

ते हा शब्द फार वापरायचे. तिच्यासमोर पाणी ठेवायचे, "भूक नाही ना?" असं ती त्यांनाच विचारायची, पाहुण्याला विचारावं तसं. ते "डोख" म्हणायचे आणि तिच्यासमोर बसून जेवायचे. ती बघत राहायची. कधी कधी स्वतःही एक घास जास्त खायची. तेवढ्यावर ते खूश असायचे. मी म्हणायची, तिला सांगू का एकदा, तुम्ही कोण ते. ते म्हणायचे, "सांगितलेलं आणि कळलेलं वेगळं. राहू दे. घाबरेल."

ते गेले तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. माणसं जमली, मी रडले, आणि मी रडते म्हणून ती रडली. मग तिने विचारलं, हा माणूस आपला कोण होता. मी तिला वडिलांचा जर्मन शब्द सांगितला. फाटर. तिने तो नीट, स्वच्छ म्हटला आणि परत एकदा म्हटला, नवा शब्द पाठ करावा तसा.

शिवलिंग गुरुपाद बिराजदार तेवीस नोव्हेंबर २०३९ रोजी वारला. आई त्याच्या उशाशी होती, त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ज्योतिराम सखाराम यमगर बारा मार्च २०४५ रोजी सकाळी, ताटावर बसलेले असताना वारले.